यंत्राच्या आतले यंत्र

२०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट. रायपूरच्या घडी चौकाजवळ असलेल्या एका कार्यालयाची जबाबदारी तेव्हा माझ्याकडे होती. दुपारी बाराच्या सुमारास बाहेरच्या बाकावर एक वृद्ध बाई बसलेल्या दिसत. पहिल्या दिवशी दिसल्या, दुसऱ्या दिवशी दिसल्या, तिसऱ्या दिवशी मी त्यांना आत बोलावले. त्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या, मराठी. रायपूरमध्ये मराठी घरे नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहेत, आणि १९५६ पर्यंत तर या मुलखाची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे इथल्या सरकारी कचेरीत मराठी कानावर पडले तर कुणाला नवल वाटत नाही. बाईंचे यजमान कार्यभारित आस्थापनेवर नोकरीला होते आणि नोकरीत असतानाच आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या विभागीय भविष्य निधीची रक्कम मिळायची होती. बाकी सर्व कागद पूर्ण होते. अडले होते ते एका उताऱ्यावाचून : १९९४ ते २००३ या वर्षांच्या कपातीचा हिशेब.

"साहेब, रोज सांगतात, मशीन चालू होतंय, बसा. मी बसते. पण ते यंत्र काही उठत नाही बघा," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

मी संगणक-कक्षात गेलो. तिथला प्रकार वाचकांना थोडा समजावून सांगायला हवा, कारण असे प्रकार अनेक कार्यालयांत आजही असतील. ज्या वर्षांचा हिशेब हवा होता त्या वर्षांच्या कागदी खातेवह्या पावसाने आणि वाळवीने संपवल्या होत्या. उरला होता तो फॉक्सप्रो या जुन्या प्रणालीतला, डॉसवर चालणारा एक कार्यक्रम. मध्य प्रदेश अविभक्त होता तेव्हा कोणीतरी मेहनतीने तयार केलेला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले, माणसांची वाटणी झाली, फायलींची झाली, तसा हा कार्यक्रमही आमच्या वाट्याला आला. पण चौसष्ट बिटांच्या नव्या विंडोजवर डॉसचे असे जुने कार्यक्रम चालत नाहीत. म्हणून एका पुरवठादाराने विंडोज सात असलेल्या संगणकात व्हर्च्युअल बॉक्स ही मोफत मिळणारी प्रणाली बसवली, तिच्या आत विंडोज एक्सपी बसवली आणि त्या एक्सपीच्या आत आमचा फॉक्सप्रो. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मराठीत आभासी संगणक म्हणता येईल : खऱ्या संगणकाच्या पोटात दुसरा संगणक असल्याचा भास, जो आपल्या परीने पूर्ण असतो.

कल्पना नवी नाही. एकच अवाढव्य आणि महागडा संगणक अनेकांना स्वतंत्रपणे वापरता यावा, म्हणून आयबीएमच्या तंत्रज्ञांनी ती १९६० च्या दशकात प्रत्यक्षात आणली आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ती सर्वांसाठी उपलब्ध झाली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी अशा यंत्राच्या अटी लिहून ठेवल्या. त्यांतली एक अट मला फार महत्त्वाची वाटते. आभासी यंत्राच्या बहुतेक आज्ञा खऱ्या प्रोसेसरने थेट पार पाडल्या पाहिजेत; मधल्या व्यवस्थापकाने अपरिहार्य असेल तेवढ्याच वेळी हात घालावा. कुठल्याही सचिवालयाच्या दारावर लावावी अशी ही अट आहे.

आमचा संगणक २०११ च्या सुमाराचा होता : दोन गाभ्यांचा पेंटियम प्रोसेसर, चार जीबी मेमरी, फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क. त्यावर आतला एक्सपी सुरू व्हायला आणि त्यात एक खाते उघडायला मी घड्याळ लावून पाहिले तर एकवीस मिनिटे लागली. आणि खाते एका झटक्यात सापडत नव्हते. नावे रोमन लिपीत भरलेली. बाईंच्या आडनावात 'ळ' होता, जो हिंदी मुलखात 'ल' होतो, आणि रोमन लिपीत भरणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे काहीही होतो. म्हणजे चार-पाच वर्णलेखने करून पाहणे आले, आणि प्रत्येक वेळी मिनिटेच्या मिनिटे थांबणे. मधेच यंत्र गोठले की पुन्हा पहिल्यापासून.

आता माझी चूक सांगतो. मी अधिकारी होतो, उपाय सुचवणे माझे काम होते आणि सुचलेला उपाय मी आदेश म्हणून दिला. "आतल्या यंत्राला मेमरी कमी पडते आहे, वाढवा." संगणक चालक तरुण होता, धमतरीकडचा. तो काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. त्याने एक जीबीची तीन जीबी केली. दुसऱ्या दिवशी तेच खाते उघडायला पस्तीस मिनिटे लागली.

मी चिडलो नाही असे म्हणणार नाही. पण त्या मुलाला विचारले, "काल तू काय सांगणार होतास?" तो म्हणाला, "सर, घरात एकूण चारच खोल्या. तीन पाहुण्याला दिल्या तर यजमान झोपणार कुठे?" मग त्याने मला टास्क मॅनेजर उघडून दाखवला. उरलेल्या एक जीबीत बाहेरचा विंडोज सात, अँटिव्हायरस आणि स्वतः व्हर्च्युअल बॉक्स, सगळ्यांची कोंडी झाली होती. मेमरीत जागा नाही म्हणून यंत्र आपला पसारा हार्ड डिस्कवर लिहीत होते आणि पुन्हा परत आणत होते. डिस्कचा लाल दिवा अखंड पेटलेला. मेमरीच्या तुलनेत फिरती तबकडी हजारो पटींनी मंद असते. म्हणजे संगणक कष्ट करत नव्हता असे नाही, तो फार कष्ट करत होता. पण त्याचा जवळजवळ सारा वेळ सामान इकडून तिकडे हलवण्यात जात होता. अतिरिक्त प्रभार असलेला अधिकारी दिवसभर एका कार्यालयातून दुसऱ्याकडे धावतो, थकतो आणि संध्याकाळी एकही फाईल निघालेली नसते, तसेच हे.

मी आदेश मागे घेतला आणि आम्ही वेगळी पद्धत ठरवली. एका वेळी एकच बदल करायचा, बदलानंतर तेच खाते उघडून वेळ मोजायची आणि वहीत लिहायची. उपयोग झाला नाही तर बदल परत फिरवायचा. ही सूचना मात्र माझी होती, आणि ती आयुष्यभर टिप्पण्या लिहिण्यातून आलेली होती.

सर्वांत आधी संपूर्ण आभासी यंत्राची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घेतली. आपल्याकडे प्रत घेण्याचे काम शेवटी आठवते, तेव्हा प्रत घेण्यासारखे काही उरलेले नसते.

मग संगणकाचे झाकण उघडले. रायपूरच्या लोकांना उरला आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ माहीत आहे. सकाळी पुसलेली खिडकीची कड संध्याकाळी पुन्हा काळी होते. प्रोसेसरवरच्या पंख्यात आणि पट्ट्यांत त्या धुळीची जाड गादी बसली होती. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. बाहेर मे महिन्याचे ऊन, आत कूलरची दमट हवा आणि त्यात ही गादी. ब्रशने आणि ब्लोअरने ती काढली. वहीत पहिली नोंद : सतरा मिनिटे. त्यासाठी कुठल्याही मंजुरीची गरज पडली नव्हती.

नंतर आतल्या एक्सपीची मेमरी तीन जीबीवरून ७६८ एमबीवर आणली. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली, तेव्हा लोकांच्या संगणकांत १२८ किंवा २५६ एमबी मेमरी असे. तिला एवढे पुष्कळ होते. प्रोसेसरचे दोन्ही गाभे आतल्या यंत्राला दिलेले होते. त्यांतला एक काढून घेतला. डॉसचा फॉक्सप्रो एका वेळी एकाच गाभ्यावर काम करतो, दुसरा त्याच्या नावावर नुसता अडकून पडला होता. तो बाहेरच्या यंत्राला मोकळा मिळाला. बायॉसमध्ये जाऊन प्रोसेसरची आभासीकरणाची सोय चालू आहे की नाही तेही पाहिले. ही सोय इंटेल आणि एएमडी यांनी २००५-०६ पासून प्रोसेसरमध्येच द्यायला सुरुवात केली, पण अनेक संगणकांत ती कारखान्यातून बंद येते. आमच्याकडे ती चालू होती. तो संशय वहीत खोडला. नोंद : सात मिनिटे.

तिसरी गोष्ट अँटिव्हायरसची. आतल्या यंत्राची सारी डिस्क ही बाहेरच्या यंत्राच्या दृष्टीने एकच अवाढव्य फाईल असते. ती जरा हलली की अँटिव्हायरस तपासायला धावत असे. त्या फाईलला तपासणीतून वगळले, आणि त्या बदल्यात आतल्या एक्सपीचे नेटवर्क पूर्ण तोडले. एक्सपीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले होते. अशा यंत्राला बाहेरचे दार असूच नये. सवलत आणि बंदोबस्त एकाच आदेशात असावेत. नोंद : पाच मिनिटे.

खरा रोग शेवटी सापडला. पुरवठादाराच्या माणसाने दर महिन्याला 'स्नॅपशॉट' घेण्याचा प्रघात पाडला होता आणि त्यालाच तो बॅकअप म्हणत असे. स्नॅपशॉट म्हणजे स्वतंत्र प्रत नव्हे. मूळ डिस्क तिथल्या तिथे गोठते आणि त्यापुढचे बदल नव्या फाईलमध्ये साठतात. पुन्हा स्नॅपशॉट घेतला की आणखी एक फाईल. अशी एकतीस फायलींची साखळी झाली होती. एखादा तुकडा वाचायचा तर यंत्राने आधी ठरवायचे की तो या एकतिसांपैकी कुठे आहे. आणि साखळीतली एक कडी तुटली तर सगळेच गेले. मूळ नस्तीला भाग-दोन, भाग-तीन, पूरक नस्ती जोडत जावे आणि शेवटी मूळ अर्ज कुठे आहे हे कुणालाच सांगता येऊ नये, तसे. ही साखळी विलीन करायला रात्रभर लागली. वळवाच्या अंधडात वीज गेली तर काय, म्हणून तो मुलगा यूपीएसजवळ बसून राहिला. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते.

सकाळी वहीत नोंद होती : पन्नास सेकंद.

बाईंना निरोप पाठवला. त्यांच्या समोरच आम्ही नाव शोधू लागलो. पहिले वर्णलेखन, नाही. दुसरे, नाही. प्रत्येकाला काही सेकंद. चौथ्या वेळी यजमानांचे नाव पडद्यावर आले, आडनावात 'ळ'च्या जागी 'ल' आणि शेवटी एक अक्षर जास्त. खाली १९९४ पासूनच्या महिन्यामहिन्याच्या कपाती. बाई चष्मा लावून पडद्याजवळ आल्या. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "या महिन्यात कापले नाहीत. मुलीच्या आजारपणात रजेवर होते." खरोखर त्या महिन्यात शून्य होते. कागदी खातेवही वाळवीने खाल्ली होती, पण हिशेब दोन ठिकाणी शाबूत होता : या जुन्या यंत्रात आणि त्या बाईंच्या आठवणीत. उतारा त्याच दिवशी निघाला, रक्कम पुढच्या महिन्यात मिळाली.

हे सर्व लिहिताना एक गोष्ट मला टोचत राहते. त्या दिवशी माझ्या टेबलावर नवीन संगणक खरेदीचा प्रस्ताव तयार होता. त्याला मंजुरी मिळायला सहा महिने गेले असते, आणि नव्या संगणकातही तीच एकतीस फायलींची साखळी जशीच्या तशी उचलून ठेवली गेली असती. वेळ यंत्राने घेतला हे खरे. पण ते इतका वेळ का घेते हे बसून पाहायला आम्हाला दोन वर्षांत सवड झाली नव्हती. ज्याला कारण ठाऊक होते तो मुलगा त्याच खोलीत होता. त्याला कोणी विचारले नव्हते, आणि मी विचारण्याआधीच आदेश दिला होता.

ज्यांच्या कार्यालयात असे जुने यंत्र असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी पुन्हा सांगतो.

१. आधी प्रत घ्या. स्नॅपशॉटला प्रत समजू नका.
२. धूळ काढा.
३. आतल्या यंत्राला गरजेपुरते द्या आणि बाहेरच्यासाठी निदान अर्धे राखून ठेवा. त्यानंतरही अडलेच तर मेमरीची एक पट्टी आणि जुन्या तबकडीच्या जागी एसएसडी एवढ्यावर काम भागते.
४. एका वेळी एकच बदल करा आणि मोजा.

पाचवी गोष्ट संगणकाची कमी आणि प्रशासनाची अधिक आहे. आभासी यंत्र हा पूल आहे, घर नव्हे. गती सुधारल्यावर आम्ही स्वस्थ बसलो नाही. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली लिब्रे ऑफिससारख्या मोफत प्रणालीत सहज उघडतात. त्या पावसाळ्यात त्या मुलाने सर्व खाती बाहेर काढली आणि रोमन नावांसमोर युनिकोड देवनागरीत शुद्ध नावे भरली. 'ळ' कसा टंकायचा हे त्याने मला विचारले. त्याच्या हिंदी कळफलकावर तो छापलेलाच नव्हता, पण इनस्क्रिप्टमध्ये त्याची जागा आहे हे मी त्याला दाखवले. एवढे एकच ज्ञान मी त्याला दिले. बाकी सगळे त्याने मला दिले होते.