सोंगाड्याला दिसलेला पाटील

बारडोलीत दिवाळी सरली की हवेचा वास बदलतो. बाबेनच्या साखर कारखान्याचा धूर दिसू लागतो, मळीचा आंबूस-गोड दर्प रात्री खिडकीतून आत येतो आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ऊसतोड मजुरांचे पडाव पडतात. बांबू, प्लॅस्टिकचा कागद, पाचटाचा आडोसा. माणसं डांगमधली, नवापूर-नंदुरबारकडची, धुळ्याची. दोन माणसांचा मिळून एक कोयता, आणि हिशेब कोयत्यांचा. ताप्तीकाठच्या ज्या रेल्वेनं आमची खानदेशी घरं इकडे आली, तिच्याच वाटेवरची ही माणसं. पहाटेच्या अंधारात त्यांच्या गाड्या फडाकडे निघतात तेव्हा मला नट निळू फुले आठवतात.

आठवतात ते ‘सामना’मुळे. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला मराठी चित्रपट. त्यातला निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या राज्यात एक दारुडा, विस्कटलेला मास्तर येतो, एके काळचा स्वातंत्र्यसैनिक. ती भूमिका डॉ. श्रीराम लागूंची. गावातून नाहीसा झालेल्या मारुती कांबळेबद्दल मास्तर विचारत राहतो आणि त्या एका प्रश्नानं साम्राज्याचा पाया हलतो. हिंदुराव चिडतो, घाबरतो, पण मास्तरला घरात ठेवून घेतो, त्याच्याशी गप्पा मारतो. त्याला त्या माणसाची ओढ लागलेली असते. असा खलनायक मराठी पडद्यानं त्याआधी पाहिला नव्हता. तो ओरडत नाही. पापण्या अर्ध्या मिटतो, शब्द तोंडात घोळवतो, आणि समोरच्याला आपली उंची आपोआप कमी झाल्यासारखी वाटते.

हा पाटील निळूभाऊंनी आणला कुठून? माझं उत्तर ठाम आहे: तमाशातल्या वगातून.

पुण्यात जन्मलेला हा मुलगा लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तो रमला. १९५७च्या निवडणुकीच्या वेळी त्यानं ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पु. लं.च्या ‘पुढारी पाहिजे’मधल्या रोंग्यानं त्याच्याकडे लोकांचं लक्ष गेलं आणि शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’नं त्याला गावोगाव नेलं. ती सगळी वर्षं त्याचं काम एकच होतं, लोकांना हसवणं.

पण वगात हसवायचं म्हणजे काय, हे ज्यानं रात्रभर फडासमोर बसून पाहिलंय त्याला माहीत आहे. रंगमंचावर राजा असतो, प्रधान असतो आणि त्यांच्या मध्ये सोंगाड्या. राजा हुकूम सोडतो. सोंगाड्या तो हुकूम मान खाली घालून ऐकतो, त्यातला एकच शब्द उचलतो आणि भोळेपणानं त्याचा अर्थ विचारतो. राजा समजावतो. सोंगाड्या आणखी विचारतो. चौथ्या प्रश्नाला हुकुमाचं हसं झालेलं असतं आणि राजाला ते प्रेक्षकांच्या नंतर कळतं. संहिता असते नावापुरती. कालची बातमी, गावचा सरपंच, पुढच्या रांगेत बसलेला सावकार हे सगळं जागच्या जागी त्यात यायला हवं. त्यासाठी सोंगाड्याची नजर सतत सत्तेवर असते. राजा बसतो कसा, खोटं बोलण्याआधी कुठे पाहतो, कुणाला बोटानं बोलावतो आणि कुणाला नुसत्या भुवईनं, हे त्याला राजापेक्षा जास्त ठाऊक असतं. ते ठाऊक नसेल तर हशा येत नाही.

१९६८ साली अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून निळूभाऊ पडद्यावर आले. अमेरिकेतही बोलपट आल्यावर व्हॉडव्हिलच्या रंगमंचावरचे विनोदवीर असेच सिनेमात गेले. बर्ट लार तिथूनच १९३९च्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधल्या भित्र्या सिंहापर्यंत पोचला. मात्र तो सिंहाच्या कातड्यातही हसवतच राहिला. निळूभाऊंनी केलं ते अवघड होतं. आयुष्यभर ज्याची खोड काढली, त्या राजाच्याच जागी ते जाऊन बसले, आणि सोंगाड्या म्हणून गोळा केलेली सगळी माहिती त्यांनी राजाच्या अंगात भरली. म्हणून हिंदुराव खरा वाटतो. सत्ता खालून पाहिलेल्या माणसानं तो उभा केला आहे.

त्यांची नक्कल करणाऱ्यांनी त्यांचं फार नुकसान केलं असं मला वाटतं. घोगरा आवाज काढून बाईला वाड्यावर यायची हाक मारली की झाला निळू फुले, असा समज रुजला. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर उभा करणारा आणि ‘सारांश’सारख्या हिंदी चित्रपटातही आपली जागा धरून राहणारा नट त्या हाकेत बसत नाही. ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस तर मुळीच बसत नाही. तो पत्रकार दोन तास जवळजवळ नुसता पाहतो. मंत्री, दलाल, कामगारपुढारी, सगळ्यांचं ऐकतो. शेवटी मुख्यमंत्र्यांच्या खेळाचा उलगडा होतो आणि दिगू हसत सुटतो, वेड लागल्यासारखा. वगातल्या सोंगाड्यानं आजवर दुसऱ्यांना हसवलं होतं. इथे राजाचा खेळ त्याच्या ताकदीबाहेर गेलाय, आणि हसायला फक्त तोच उरलाय. मराठी पडद्यावरचं इतकं भयानक हसू मला दुसरं माहीत नाही.

पडदा बाजूला सारला की हा माणूस पुन्हा कार्यकर्ता व्हायचा. लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठांवर उभे राहिले. पडद्यावरचे हिंदुराव आणि मास्तर पदरमोड करून चळवळींतल्या माणसांसाठी पैसे गोळा करत फिरत होते. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निळूभाऊ गेले.

आमच्या बारडोलीत स्वराज आश्रम आहे. १९२८च्या सत्याग्रहात सारा न भरण्याची शपथ घेतलेल्या शेतकऱ्यांचं हे गाव. वल्लभभाई इथे सरदार झाले. त्याच शेतकऱ्यांच्या वारसांनी सहकारी कारखाना उभारला आणि तालुक्याची गरिबी मागे हटवली. त्याचा मला अभिमान आहे. तरीही ‘सामना’तल्या मास्तरचा स्वातंत्र्यलढा आणि साखर, दोन्ही एकाच गावात नांदतात तेव्हा एक प्रश्न टाळता येत नाही: त्या शपथेतलं किती कोयत्यापर्यंत पोचलं? हा प्रश्न सभेत विचारला की माणसं अवघडतात. निळूभाऊंचा पाटील पाहताना तो कुणी न विचारता उभा राहतो.

सुरत जिल्ह्यात मराठी मंडळं आहेत, गणपतीत ती उत्साहानं कार्यक्रम करतात. त्यांना माझी विनंती आहे. यंदा हंगाम सुरू झाला की एका संध्याकाळी पडावावर पांढरी चादर बांधा आणि ‘सामना’ दाखवा. पुढची जागा तोड करून आलेल्यांना द्या आणि चित्रपट संपल्यावर आधी त्यांना बोलू द्या.