कळंबचा गंधक

कळंबला निघालो म्हटले की पुण्याची मंडळी हमखास विचारतात, "तिथे पाहण्यासारखे काय आहे हो?" मांजरेच्या काठचे बाजाराचे गाव, तालुक्यात येरमाळ्याची येडेश्वरी, आणि नजर पोहोचेल तिथवर काळी जमीन. मी मात्र यंदाच्या दिवाळीत तिथे गंधकाच्या नादी लागलो.

सुरुवात झाली साखरेवरून. या भागात ऊस आहे, रांजणीला कारखाना आहे. माझ्या मामांची सारी उमेद अशाच एका कारखान्यात गेलेली. पांढरी साखर करताना उसाच्या रसात चुन्याची निवळी घालतात आणि गंधक जाळून निघालेला वायू त्यात सोडतात. रसाचा रंग उडतो, ही माहिती त्यांची. हा वायू म्हणजे सल्फर डायऑक्साइड. फटाका उडाल्यावर नाकाला झोंबतो तोच!

कारखान्यातला गंधक बराचसा तेलशुद्धीकरणातून येतो; पण कळंबचा खरा गंधक पायांखालच्या काळ्या कातळाशी निगडित आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा कातळ शिलारस होऊन थरांवर थर वाहिला, तेव्हा त्याच्यातून हाच वायू अफाट प्रमाणात आकाशात गेला. तो तिथे राहिला नाही, कारण पावसाने त्याला आम्ल करून खाली आणले.

पण जिथे पाऊसच नाही तिथे?

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून अंगणात उभा होतो. पूर्वेच्या अंगाला बऱ्याच उंचावर पुष्य नक्षत्र दिसत होते. त्याच कर्क राशीत ५५ क्रमांकाचा एक अंधुक तारा आहे, ४१ प्रकाशवर्षे दूर. त्याचा एक ग्रह पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे आणि त्याचे वर्ष १८ तासांतच संपते! उजेडाच्या बाजूला खडक वितळावा इतकी धग. तिथे समुद्र असलाच तर शिलारसाचा. त्याच्याभोवती कार्बनी वायूंचे वातावरण असावे, अशी चिन्हे वेब दुर्बिणीने २०२४ साली टिपली.

गंधकाची चाहूल लागली ती दूर दक्षिणेतल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एल ९८-५९ या ताऱ्याच्या ग्रहांवर. तो सुमारे ३५ प्रकाशवर्षांवर आहे. पुरावा अजून पक्का नाही, पण त्यामागचे रसायन मोठे मौजेचे आहे. शिलारसात ऑक्सिजन मुबलक असेल तर सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. तो कमी असेल आणि हायड्रोजन भरपूर, तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. वर ताऱ्याचे अतिनील किरण या रेणूंची मोडतोड करून नव्या जोड्या जुळवतात. शुक्रावर गंधकाम्लाचे ढग आहेत. त्याहून फार तापलेल्या ग्रहावर ते थेंबही टिकत नाहीत. धुऊन न्यायला पाणी नाही, म्हणून गंधक हवेतच राहतो. वैद्याने नाडीवरून पोटातले ओळखावे, तसे मग हवेवरून ग्रहाच्या पोटातले ओळखता येते.

हे सारे मी चहाच्या वेळी मामांना ऐकवले. वायूंचे त्यांना काहीच नवल वाटले नाही.

"म्हणजे तिथे पाऊस कधीच नाही?"

"पाण्याचा नाही."

मामा बराच वेळ मांजरेच्या दिशेला पाहत राहिले. २०१६ साली हेच मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले होते.

"पस्तीस प्रकाशवर्षे," मामा म्हणाले, "म्हणजे रेल्वेनेही व्हायचे नाही!"