बहिरमच्या पायाखाली

वऱ्हाडातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दगड म्हटला की काळाच येतो. विहीर खणताना लागतो तो काळा, गाविलगडाच्या तटात बसवला तोही काळा. कपाशीची माती झाली तीसुद्धा त्याच कातळाच्या झिजेतून. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर चढत गेले आणि आधीचं सगळं जग त्यांच्याखाली गेलं.

सगळं म्हणजे जवळजवळ सगळं. अचलपूर-परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर बहिरम लागतं. हिवाळ्यात इथली यात्रा कित्येक आठवडे चालते. मातीच्या हंडीत मटण रटरटत असतं, गोवऱ्यांवर रोडगे भाजले जात असतात. अशा वेळी पायाखालच्या दगडाकडे कोण बघणार? पण बहिरम-बेलखेडच्या पायथ्याशी काळ्या कातळाखालून पांढुरके-पिवळट थर डोकावतात. वालुकाश्म, पंकाश्म, चुनखडीचे खडक. नद्यांनी आणि तळ्यांनी साठवलेला हा गाळ लाव्ह्याच्या आधीचा आहे. खालच्या गोंडवन थरांत १० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे ठसे आहेत. त्यांच्यावर लॅमेटा थर. हे नाव जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून पडलं.

लॅमेटा म्हटलं की डायनोसॉर आलेच. मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या सालबर्डीला भाविक महादेवासाठी जातात. त्याच परिसरातल्या थरांतून अमरावती विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ श्रीवास्तव आणि मानकर यांनी डायनोसॉरच्या हाडाची नोंद केली आणि २०१५ मध्ये अंड्यांच्या घरट्याचीही. शिकारी जबड्यांच्या चित्रांवर वाढलेल्या पोरांना हे फिकं वाटेल. वास्तविक घरटं हाडापेक्षा बोलकं असतं. हाड वाहत येऊ शकतं. घरटं मात्र सांगतं की मादी इथेच थांबली होती.

त्याहून मजेशीर पुरावा विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला मिळाला. तिथल्या लॅमेटा थरांतल्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले. २००५ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध होईपर्यंत डायनोसॉरच्या काळात गवत होतं यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. हाडांच्या मागे धावणाऱ्या शास्त्राला शेणाने गाठलं, हे वऱ्हाडी शेतकऱ्याला तरी नवल वाटू नये!

पण बहिरम-सालबर्डीकडे हे थर उघडे का पडले? सातपुड्याच्या दक्षिण कडेने जमीन चिरली गेली आहे. तो गाविलगड भ्रंश. त्याच्या उत्तरेची बाजू उचलली गेली, चिखलदरा १,१०० मीटरवर जाऊन बसला, आणि झिजलेल्या कडेशी पोटातले जुने थर उघडे पडले. दक्षिणेची बाजू खचली. त्या खळग्यात पूर्णा नदीने गाळ भरला, काही ठिकाणी ४०० मीटरच्या आसपास.

एकाच भेगेने तालुक्यांची नशिबं वेगळी केली. डोंगरातून उतरलेल्या गोट्या-वाळूच्या पट्ट्यात पाणी गोडं, म्हणून अचलपूर-चांदूरबाजारकडे संत्र्याच्या बागा. खाली दर्यापूरकडे गाळातच मीठ मुरलेलं. तो खारपाणपट्टा. तिथे विहिरीला पाणी लागलं तरी ते ओलिताला चालेल याचा भरवसा नाही. हरभरा जमिनीतल्या ओलीवर काढायचा आणि पिण्याचं पाणी नळाने दुरून आणायचं.