चौघांची नावं

ऑफिसचं वर्ष ३१ मार्चला संपतं, कॅलेंडरचं ३१ डिसेंबरला. आमच्या वसईतल्या ख्रिस्ती घरांमध्ये ते २५ डिसेंबरला संपतं. तसं कुठे लिहिलेलं नाही. पण नाताळात पाहुणे येतात, करंज्या-कुलकुलचं ताट फिरतं आणि प्रत्येक जण विचारतो, ‘मग, यंदा काय काय झालं?’ कोणाचं लग्न ठरलं, कोण परदेशी गेलं, कोण देवाघरी गेलं, हे दोन मिनिटांत सांगून टाकायचं असतं, कारण त्यांना पुढचं घर गाठायचं असतं. २०२४चं आमचं उत्तर दोन मिनिटांत मावत नव्हतं. म्हणून इथे लिहितेय.

फेब्रुवारीत आजी गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. रोज लाल चौकड्यांचं लुगडं नेसणारी आमच्या गल्लीतली ती शेवटची बाई. ती आमच्याशी कादोडीत बोलायची आणि आम्ही नातवंडं तिला शाळेतल्या मराठीत उत्तर द्यायचो. तिच्या मागे राहिली ती बावीस गुंठ्यांची वाडी. एक विहीर, राजेळी केळी, थोडे माड, कडेला मोगरा. आजोबा गेल्यापासून सातबारा तिच्या नावावर होता. मृत्युपत्र तिने केलं नव्हतं.

मार्चअखेर पप्पा निवृत्त झाले. त्याच सुमारास धाकट्या भावाला कॅनडातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तुमच्यापैकी कोणी त्या वाटेला गेलं असेल तर पुढचं माहीत असेलच. तिथे राहण्याच्या खर्चापोटी विद्यार्थ्याकडे आधी १०,००० डॉलर असल्याचं दाखवावं लागायचं. १ जानेवारी २०२४पासून तो आकडा २०,६३५ झाला. आपले साडेबारा लाख. फी वेगळी. पप्पांनी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली आणि पेन खाली ठेवून म्हणाले, ‘वाडी काढावी लागेल.’

काका तयारच होते. वसईत आज बावीस गुंठ्यांना काय भाव येतो ते मी सांगायला नको. विरार लोकलच्या खिडकीतून बघा, मिठागरांच्या पलीकडे टॉवर कसे उभे राहिलेत. प्रश्न फक्त दोन आत्यांच्या सह्यांचा होता, आणि तो प्रश्न आहे असं कोणाला वाटतच नव्हतं. आमच्याकडे बहिणी सही करतात. माहेर तुटू नये म्हणून करतात आणि वर जेवून जातात.

२० मेला लोकसभेचं मतदान होतं. सुट्टी होती, बोटाला शाई लावून सगळे आमच्याकडे जमले. काकांनी हक्कसोडपत्र तयार करून आणलं होतं. थोरल्या आत्याने चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं.

‘मी नाय करणार सही.’

काका हसले. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. मग म्हणाले, ‘अगं, तुला काय कमी आहे?’

‘कमी नाय. पण वाडी माझी पण हाय.’

धाकट्या आत्याने हातात घेतलेलं पेन हळूच खाली ठेवलं.

आत्याची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण ती गोष्ट म्हणून कोणी कधी सांगितली नव्हती. सातवीनंतर तिची शाळा सुटली. पहाटेची लोकल पकडून ती आजीबरोबर मोगरा घेऊन दादरला जायची. फुलं विकून परत आली की केळीला पाणी लावायचं. लग्न होईपर्यंत आठ वर्षं हेच. त्या फुलांच्या पैशांतून पप्पांचं बी. कॉम. झालं आणि काकांचा डिप्लोमा. त्या रात्री मम्मीने मला हे सांगितलं, तेही भांडी घासताना, नळ सुरू ठेवून.

मी मोबाइलवर कायदा वाचायला घेतला. आपल्याकडे मालमत्तेचे नियम धर्मानुसार वेगळे आहेत. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही. सगळ्या मुलांना सारखा हिस्सा. केरळच्या मेरी रॉय (लेखिका अरुंधती रॉय यांच्या आई) याच कायद्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, कारण जुन्या त्रावणकोर संस्थानातल्या ख्रिस्ती मुलींना भावांच्या तुलनेत नाममात्र वाटा मिळायचा. १९८६मध्ये त्या जिंकल्या. म्हणजे आमच्या आत्याला कोणी काही देत नव्हतं. ते आधीपासून तिचंच होतं, फक्त सोडून द्यायची रीत होती. मी हे जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. पप्पा म्हणाले, ‘कायदा मलाही कळतो.’ आणि ताटावरून उठले.

जून आणि जुलै असेच गेले. आत्याचं घर सायकलवर दहा मिनिटांवर, पण जाणं-येणं बंद. २५ जुलैला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. बाहेरचे लोक त्यांना उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतात. आमच्या घरात ते ‘सुवार्ता’वाले फादर आणि ‘हरित वसई’वाले फादर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन वाचवण्यासाठी ते आंदोलन झालं, तेव्हा आजी मोर्चात चालली होती. ती बातमी आली त्या संध्याकाळी पप्पा बराच वेळ वाडीत विहिरीच्या कठड्यावर बसून होते. काय विचार करत होते, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी भाऊ गेला. वाडी न विकता. शैक्षणिक कर्ज, पप्पांच्या निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग आणि मम्मीच्या चार बांगड्या, अशी ती बेरीज होती. जाण्याच्या आदल्या दिवशी तो एकटाच आत्याकडे जाऊन आला. तिने त्याला पाकीट दिलं. आत पाच हजार रुपये होते आणि रोजरीची माळ.

मग ऑक्टोबर. बांगड्या सोडवायच्या म्हणून मम्मीने नाताळासाठी सुकेळी विकायचं ठरवलं. सुकेळी म्हणजे वसईचा जुना मेवा. राजेळी केळं पूर्ण पिकू द्यायचं, सोलायचं, कडक उन्हात कितीतरी दिवस वाळवायचं आणि केळीच्याच वाळल्या पानात बांधायचं. ऐकायला सोपं आहे. पहिल्या पन्नास केळ्यांना बुरशी आली. हे काम आजीचं होतं, आणि आजीनंतर ते फक्त थोरल्या आत्याला येत होतं.

मम्मी पप्पांना न विचारता आत्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या टोपली घेऊन आमच्या अंगणात हजर. केळं किती पिवळं हवं, संध्याकाळी दव पडायच्या आत कधी उचलायचं, कसं दाबून बघायचं, सगळं ती सांगत होती. पप्पा पेपर वाचायचं नाटक करत होते. तिसऱ्या दिवशी तिने तोंड वर न करता हाक मारली, ‘नुसता बसलास काय, ती पाटी उचल.’ एकसष्टीला आलेले माझे पप्पा उठले आणि पाटी उचलली.

व्हॉट्सअ‍ॅपवर मम्मीच्या ऑर्डरी डोंबिवलीपासून पुण्यापर्यंत गेल्या. दोन बांगड्या परत आल्या. दोन अजून तिथेच आहेत.

नोव्हेंबरच्या अखेरीस पप्पा वारस नोंदीचा अर्ज करून आले. त्यात चार नावं लिहिली होती, वयाच्या क्रमाने. सगळ्यात वर आत्याचं. काकांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही. मग फोन कट झाला.

नाताळात काका आले नाहीत. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण येणारा प्रत्येक जण विचारत होता. रात्रीच्या मिस्सेला ते पुढच्या बाकावर होते, आम्ही मागे. बाहेर पडताना काकीने माझा हात दाबला, तेवढंच. भावाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्याच्याकडे २४ तारखेची दुपार होती. कामावर जायच्या घाईत होता, कानटोपी घातलेला. त्याने आधी आत्याला मागितलं.

वाडीचं पुढे काय, ते ठरलेलं नाही. काका त्यांचा हिस्सा विकतील कदाचित. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारट लागायला लागलंय आणि केळी लावायला माणूस मिळत नाही. धाकटी आत्या म्हणते, मलाही पैसे हवेत. तिला तसं म्हणता येतंय, हेसुद्धा यंदाचंच.

दुपारी पाहुणे पांगल्यावर आत्याने मला बाजूला घेतलं. सातबारा मोबाइलवर दिसतो असं तिने ऐकलं होतं. मी तिला सांगितलं, नोंद मंजूर व्हायला अजून वेळ आहे, आत्ता आजीचंच नाव दिसेल.

‘दिसू दे,’ ती म्हणाली. ‘माझं आलं की मोठं करून दाखव. मला चष्म्याशिवाय वाचायचंय.’