आधी प्लॅन वाच

चि. ईशान,


फ्रेंच वास्तुकलेवरच्या निबंधासाठी तू इमारतींचे दर्शनी भाग तेवढे जमवतो आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. राजा, एलेव्हेशन जरा बाजूला ठेव. आधी प्लॅन वाच.

इथे न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात झाक-फ्रांस्वा ब्लोंदेलचा ‘आर्किटेक्चर फ्रांसेज’ हा ग्रंथ आहे, १७५२ ते १७५६ मधला. बेत आठ खंडांचा होता, निघाले चारच. तरी त्यांत सुमारे ५०० चित्रं आहेत. ती छापायची रीत अशी: तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या रेषांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागदावर दाबून ठसा उठवायचा. असा पत्रा बरीच वर्षं कामाला येई, म्हणून प्रकाशक झोंबेरने मारिएत नावाच्या प्रकाशकाच्या आधीच्या संग्रहातले पत्रेही या ग्रंथात वापरले. ब्लोंदेल मूळचा शिक्षक, १७४३ मध्ये त्याने पॅरिसमध्ये स्वतःची शाळा काढलेली. त्यामुळे तो नुसतं कौतुक करत नाही. इमारतीचं सुंदर चित्र देतो आणि शेजारच्या मजकुरात तिचे दोषही दाखवतो. त्याचं हे धैर्य मला फार आवडतं.

आता एखाद्या सरदाराच्या वाड्याचा प्लॅन घे. पुढे अंगण, मागे बाग, मधे वाडा. भिंती गडद भरलेल्या, खिडक्यांच्या जागा मोकळ्या. दिवाणखान्यांचे दरवाजे एका रेषेत, म्हणजे पाहुण्याची नजर थेट टोकापर्यंत जावी. इथपर्यंत सगळे बघतात. तू त्या जाड भिंतींच्या पोटात बघ. शयनगृहामागे चिंचोळी वाट आहे, तिला लागून कपड्यांची खोली, आणि कोपऱ्यात पंख्यासारखा आकार दिसतो तो छोटा जिना. पाणी, लाकडं, राख, मलपात्रं, सगळं तिथून जाई. स्वयंपाकघर आणि तबेले बाजूच्या वेगळ्या अंगणात. मालकाचं सुखासीन, एकांतातलं जगणं या वाटांवर उभं होतं, आणि एलेव्हेशनमध्ये त्यांतली एकही दिसत नाही.

ब्लोंदेलच्या ग्रंथातल्या काही इमारती आता फक्त कागदावर उरल्या आहेत. त्युलरीचा राजवाडा १८७१ मध्ये जळाला, १८८३ मध्ये त्याचे अवशेषही पाडले. तिथे कोण कुठून वावरत असे, हे विचारायला ही चित्रंच गाठावी लागतात.

म्हणून निबंधात एकच वाडा घे, पण त्यातून चालून दाखव. एकदा पाहुणा म्हणून, एकदा पाण्याची बादली घेऊन. आणि तुझ्या स्वतःच्या बंगल्याच्या डिझाइनचा प्लॅनही पाठव. कामाला येणाऱ्या बाई आत कुठून येतात, ते त्यावर पेन्सिलीने काढ.

तुझी,
मावशी