दादीचे पानदान

शीळफाट्याला राहायला आल्यापासून एक गोष्ट आम्ही रोज पाहतो. कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्याला फर्निचरची दुकाने आहेत आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर भंगाराची गोदामे. एकीकडे नवा माल टेम्पोतून उतरतो, दुसरीकडे जुना चढतो. या चढ-उतारात आमच्या घरातले एक पानदान गेले, त्याची ही हकीकत.

सहा वर्षांपूर्वी आम्ही कल्याणच्या दूधनाक्यावरचे जुने घर सोडले. नव्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात काय काय मावणार? मोठ्या देगच्या, बदना, पितळी समई-दिवे आणि दादीचे पानदान असे सगळे आम्ही एका पोत्यात भरले. भंगारवाला आला. पानदानावर आतून-बाहेरून कल्हई होती, त्यामुळे ते पांढुरके दिसत होते. त्याने कडेला कानशीने एक ओरखडा काढला. आत लालबुंद तांबे दिसले. “माल चांगला आहे,” तो म्हणाला आणि तराजूत टाकले. दोन किलो सातशे ग्रॅम. अकराशे रुपये आले. झाकणावर ठिपके ठोकून दादीचे नाव घातलेले होते आणि खाली तिच्या निकाहाचे साल, १९५१. नावाचे वजन वेगळे होत नाही. अम्मी दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

गेल्या महिन्यात हॉलसाठी काही शोभेची वस्तू घ्यावी म्हणून आम्ही मुलीला आणि अम्मींना घेऊन एका दुकानात गेलो. आजकाल घर सजवायचे म्हणजे जुन्या ढंगाचे हवे. कंदिलाच्या आकाराचे विजेचे दिवे, मर्फीच्या रेडिओसारखे दिसणारे ब्लूटूथ स्पीकर, गोल डायलचे टेलिफोन. मुलीने एका पानदानावर बोट ठेवले. “किल्ल्या ठेवायला छान आहे.” किंमत तीन हजार दोनशे.

अम्मींनी ते हातात घेतले आणि सवयीने झाकण उघडले. आत काहीच नव्हते. नुसता पोकळ डबा. “यात चुना कुठं ठेवायचा गं?” त्यांनी नातीला विचारले. दुकानदार अदबीने म्हणाला, “खाला, हे शोपीस आहे. खाण्याचं काही यात ठेवू नका.” मुलीच्या मोबाइल कव्हरला लोहचुंबक होते. सहज जवळ नेले तर टक्कन चिकटले. तांबे किंवा पितळ चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे आत लोखंडी पत्रा आणि वर पितळी रंगाचा मुलामा. दुकानदाराने फसवले नव्हते; चिठ्ठीवर ‘व्हिंटेज स्टाइल’ असेच छापले होते. जुने म्हणून नव्हे, जुन्यासारखे म्हणून ते विकायला होते.

घरी येताना रिक्षात अम्मी मुलीला सांगत होत्या. वरच्या तबकात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. तबक उचलले की खाली लहान लहान कुलड्या. एकीत चुना, एकीत कात, बाकीच्यांत सुपारी, वेलची, लवंग. दरवर्षी कल्हईवाला गल्लीत यायचा, भट्टी पेटवायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा आणि मग कथील फिरवले की भांडे चांदीसारखे व्हायचे. कल्हई केवळ चमकीसाठी नसते. ती उडालेल्या तांब्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो आणि पोटात गेला तर बाधतो. म्हणून भांडे जपावे लागे आणि जपले म्हणून ते दोन पिढ्या टिकले. आम्ही पुढे बसून ऐकत होतो. सहा वर्षांत अम्मी इतक्या बोललेल्या आम्हाला आठवत नाहीत.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. दूधनाक्याला दुपारी शेजारच्या चार जणी यायच्या त्या पानासाठी नव्हे, पानदानाभोवती बसायला. दादी गेल्यावर ती जागा अम्मींची झाली होती. आम्ही पोत्यात भांडे भरले असे समजत होतो. खरे तर अम्मींची दुपार भरली होती.

मग एका रविवारी आम्ही मुंबईला चोरबाजारात, मटण स्ट्रीटला गेलो. तिथे खरे जुने आणि मुद्दाम जुने केलेले शेजारी शेजारी मांडलेले असते. ओळखायला थोडी नजर लागते. खऱ्या वस्तूची झीज हात लागतो तिथे असते, कडीपाशी, कडेला, बुडाला. बनावट वस्तूवर काळपटपणा सगळीकडे सारखा असतो. पानदाने मिळाली, अस्सल तांब्याची. एकावर कुणा बाईचे नाव ठोकलेले होते. दुकानदाराने भावही वाजवी सांगितला. पण ते नाव वाचले आणि आम्ही पानदान परत ठेवले. कुणाच्या तरी घरातून तेही असेच गेले असणार. आमचे कदाचित केव्हाच वितळून तार झाले असेल.

सगळेच जुने जपा असे आमचे म्हणणे नाही. दोन खोल्यांत ते जमणारही नाही. जुन्या रेडिओची तार कुरतडलेली असेल तर तो धोक्याचाच. नव्या वस्तू जुन्या ढंगाच्या घेण्यातही वाईट काही नाही. परवडतात, दिसतात बऱ्या. फक्त वस्तू तराजूत टाकण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाला एकदा विचारावे. आम्ही विचारले नाही.

माळ्यावर अम्मींच्या माहेरची सागवानी संदूक अजून आहे. या ईदला तीही काढायची ठरली होती. ती आता खाली हॉलमध्ये आली आहे. सुताराने बिजागरी बदलली, घासून तेल दिले. आत रजया राहतात, वर बसता येते. परवा समोरच्या फ्लॅटमधल्या बाई आल्या, त्यांनी संदुकीवर हात फिरवला आणि विचारले, “ही कुठून घेतली?”

अम्मी म्हणाल्या, “बसा, सांगते.”