दुसऱ्या मंगळवारची रात्र

मैत्रिणींनो, संकष्टी, एकादशी, पौर्णिमा या तिथी तुम्ही कॅलेंडरवर आधीच पाहून ठेवत असाल. आमच्याकडे त्यांत आणखी एका दिवसाची भर आहे. महिन्यातला दुसरा मंगळवार! त्या रात्री पाहुण्यांना जेवायला बोलवायचं नाही, हे ठरूनच गेलंय.

आम्ही राहतो लोट्याला. खेड तालुक्यातली, मुंबई-गोवा महामार्गालगतची ही औद्योगिक वसाहत रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखली जाते. आमचे हे अशाच एका कारखान्यात आहेत, पण रसायनं नव्हे, संगणक सांभाळतात. लहानमोठे सव्वाशे संगणक आहेत तिथे.

आता मंगळवारचं काय? तर मायक्रोसॉफ्ट कंपनी ऑक्टोबर २००३ पासून विंडोजच्या दुरुस्त्या साधारणपणे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढते. तिकडे अमेरिकेत सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. मी ओटा पुसत असते आणि हे दुरुस्त्यांची यादी उघडून बसतात. त्या दुरुस्तीला म्हणतात पॅच. आपल्या भाषेत ठिगळच की!

मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, सव्वाशे टेबलांपाशी जाऊन ठिगळं लावणार का तुम्ही?"

"अगं, जायचं कशाला? सगळं एका जागेवरून होतं."

प्रत्येक संगणकात एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. तो अधूनमधून मुख्य यंत्रणेला विचारतो, माझ्यासाठी काही आलंय का? आलं असेल तर उतरवून घेतो, बसवतो आणि 'झालं' म्हणून कळवतो. हिशेबाचा, लेबलं छापायचा असे प्रोग्रामही असेच बांधून पाठवतात. टेबलावरच्या माणसाला काही विचारावं लागत नाही, आणि मनाला येईल ते बसवायची परवानगीही त्याला नसते. कोणाचं झालं, कोणाचं राहिलं, याचा हजेरीपट यांच्यासमोर.

मला हे सारं उगाच वाटायचं. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथल्या तीन संगणकांना असा कोणी धनी नाही. परीक्षेच्या दिवसांत मी नववीचे गुण भरत असले, की कोपऱ्यात सूचना यायची. मी आपली दर वेळी 'नंतर'वर बोट ठेवायची. महिना गेला, दुसरा गेला. आणि एका सकाळी एकही फाइल उघडेना! कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला होता. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "बाई, हे भोक बुजवणारा पॅच दोन महिन्यांपूर्वीच आला होता."

बोल कोणाला लागला? आमच्या कारकून काकांना. पेनड्राइव्ह त्यांचा असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. आणि मी, खोटं कशाला सांगू, दोन दिवस गप्प बसले. वह्यांवरून पुन्हा गुण भरताना शेजारी काका मुकाट्याने आकडे वाचून दाखवत होते. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मुख्याध्यापिकांकडे जाऊन सांगितलं, "सूचना मीच टाळत होते." काका एवढंच म्हणाले, "असू द्या, बाई." त्याचंच जास्त लागलं.

घरी सांगितल्यावर यांनी टोमणा मारला नाही. २०१७ ची गोष्ट सांगितली. 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने १२ मे रोजी दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद केले, इंग्लंडातल्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांना परत जावं लागलं. ते भोक बुजवणारा पॅच मात्र १४ मार्चलाच निघाला होता! पुढच्याच महिन्यात, २७ जूनच्या 'नॉटपेट्या'ने तेच भोक वापरलं, शिवाय संगणकांतून चोरलेले पासवर्डही. त्यात न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

"मग आल्या आल्या सगळीकडे लावून टाकायचं!" मी म्हटलं.

हे हसले. "तसंही एकदा करून बसलोय."

वरून घाई होती म्हणून लेबलं छापायच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती यांनी एका रात्रीत सगळीकडे पाठवली. सकाळी एकही लेबल धड निघेना. माल तयार, ट्रक दारात आणि यांचा फोन खणखणतोय! जुनी आवृत्ती परत बसेपर्यंत दुपार झाली. १९ जुलै २०२४ ला जगाने हेच मोठ्या प्रमाणावर पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले.

तेव्हापासून यांची रीत ठरली आहे. आधी स्वतःचा संगणक, मग प्रत्येक विभागातला एकेक, दोन-तीन दिवस बरे गेले की बाकीचे. प्रत्यक्ष यंत्रं चालवणारे संगणक अगदी वेगळे ठेवायचे. रसायन शिजत असताना ते बंद करून चालू करता येत नाहीत. त्यांचा नंबर कारखाना देखभालीसाठी थांबला की.

मैत्रिणींनो, यात आपल्याला नवं काय आहे? नव्या तांदळाचं पीठ आणलं की आपण आधी एकच भाकरी थापून बघतो. मोडली तर पाण्याचा अंदाज बदलतो, मगच पंगतीचं बघतो. पण म्हणून पीठ डब्यात पडू देत नाही, जाळी धरते त्याला!

आता एवढं करा. घरच्या संगणकावर सूचना आली की आधी मुलांचे फोटो नि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा आणि त्याच आठवड्यात ती दुरुस्ती होऊ द्या. विंडोज १० असेल तर त्याच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आहेत. मुदत वाढवून मिळते का, की नवी आवृत्ती घ्यावी लागेल, हे जाणकाराला विचारा.

आणि दुसऱ्या मंगळवारी? मी यांच्यासाठी चहाचं आधण ठेवते. दुसऱ्या दिवशी शाळेतले तीन संगणक मी आणि कारकून काका मिळून बघतो. आधी एक, मग दोन.